तळ आणि मासा: गोबींच्या अभ्यासाची प्रस्तावना

माशांविषयीचं आपलं बोलणं बहुधा बाजारापासून सुरू होतं. पापलेट, सुरमई, हलवा, रावस, बांगडा ही नावं किनाऱ्यावरच्या मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ असतात, आणि कुठल्या दिवसांत काय चांगलं मिळतं हेही घरातच कळतं. या नावांमागे उभा असतो तो तराजूत घालण्याजोगा मासा. समुद्रातल्या माशांच्या जातींची मोजदाद करायला बसलं, की मात्र तराजूवर सहसा न चढणारे मासे फार मोठ्या संख्येने समोर येतात. बोटाएवढे, नखाएवढे, तळाला धरून राहणारे. त्यांतला एक मोठा समूह गोबींचा आहे, आणि हे लेखन त्यांच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या वाचकांसाठी आहे.

गोबींचा पसारा दोन हजारांहून अधिक जातींचा आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढे मोठे समूह मोजकेच. उष्ण समुद्रांतली प्रवाळबेटं, थंड प्रदेशांतले वाळूचे किनारे, खाड्या, खाजणं, नद्यांची मुखं आणि काही बेटांवर तर डोंगरातले ओढे, इथवर ते पोचले आहेत. बहुतेकांची लांबी दहा सेंटिमीटरच्या आतच असते. यातला एक मासा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. ठाणे, पालघर, रायगडच्या खाडीकाठी कोळी आणि आगरी घरांत जिचं कालवण होतं ती निवटी गोबींच्याच गोतावळ्यातली. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर डोळे वर काढून बसलेली आणि पावलांची चाहूल लागताच बिळात शिरणारी निवटी ज्याने पाहिली आहे, त्याचा या विषयात प्रवेश झालेलाच आहे. पुढचं सगळं त्या ओळखीचा विस्तार.

मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट मनावर ठसवायची आहे. गोबीचा अभ्यास आणि तळाचा अभ्यास वेगळे काढता येत नाहीत. मोकळ्या पाण्यात फिरणाऱ्या माशाविषयी पाण्याचं तापमान, खारेपणा आणि खोली सांगितली की बरंच काही सांगून होतं. गोबीच्या बाबतीत आणखी विचारावं लागतं. तळ कसला? वाळू की गाळ, खडक की प्रवाळ? तिथे लपायला पोकळी आहे का, आणि ती कुणी केली? ओहोटीत तिथे पाणी किती वेळ राहतं? शेजारी कोण? या प्रश्नांची उत्तरं मिळू लागली, की माशाचं शरीर, त्याची वीण आणि त्याचं वागणं आपोआप उलगडत जातं.

आधी शरीर पाहू. बहुतेक माशांत पोटाखालच्या परांची जोडी सुटी असते. बहुसंख्य गोबींत हे दोन पर एकमेकांना जुळून एक खोलगट चकती तयार होते. या चकतीने मासा दगडाला धरून राहतो. लाट आली, पाण्याला ओढ लागली, तरी तो जागा सोडत नाही. पाण्यात तरंगत राहण्यासाठी माशांना वाताशय म्हणजे हवेची पिशवी लागते. मोठ्या झालेल्या अनेक गोबींत ती नसतेच. तळाशी राहणाऱ्याला तरंगून काय साधायचं? डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला आलेले असतात, कारण संकट वरून येतं. पाठीवर दोन पर असतात आणि पहिल्या परातले काटे लवचीक असतात. अंगाचा रंग बहुधा तळाच्या रंगात मिसळणारा, वाळूवर वाळूसारखा ठिपकेदार, खडकावर करड्या-तपकिरी पट्ट्यांचा.

त्याहून सूक्ष्म खूण डोक्यावर आहे. पुष्कळ माशांच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा धावते आणि पाण्यातली हालचाल टिपते. गोबींच्या धडावर अशी सलग रेषा नसते. त्याऐवजी गालांवर, डोळ्यांखाली, हनुवटीजवळ संवेदनशील पुटकुळ्यांच्या बारीक ओळी असतात. १९११ मध्ये इटलीच्या लुइजी सान्झो यांनी या ओळींची मांडणी वर्गीकरणासाठी किती उपयोगाची आहे हे दाखवून दिलं. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या दोन माशांचे गाल सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहिले, की एकात ओळी उभ्या उतरतात, दुसऱ्यात आडव्या धावतात, आणि दोन वेगळ्या जाती समोर उभ्या राहतात. इतक्या लहान माशांच्या इतक्या जाती वेगळ्या काढता आल्या, त्यात या ओळींचा मोठा वाटा आहे.

या विषयाच्या इतिहासात मुंबईचंही नाव आहे. जॉर्ज क्युव्हिए आणि आशिल वालाँसिएन यांनी हाती घेतलेल्या माशांच्या महाग्रंथाचा बारावा खंड १८३७ मध्ये आला, तेव्हा क्युव्हिए हयात नव्हते. त्या खंडात वालाँसिएन यांनी मुंबईहून आलेल्या नमुन्यांवरून एका चिखलमाशाचं वर्णन केलं आणि झाँ-झाक द्युसुमिए या फ्रेंच व्यापारी प्रवाशाच्या नावावरून त्याला बोलिऑफ्थाल्मस डुसुमिएरी असं नाव दिलं. आपल्या खाड्यांतली निवटी ती हीच. पुढे १८७५ ते १८७८ या काळात फ्रान्सिस डे यांचा भारतातल्या माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इथल्या गोबींची एकत्र मांडणी अभ्यासकांच्या हाती आली.

विसाव्या शतकात या विषयाला एक असा अभ्यासक लाभला, ज्याची ओळख जगाला निराळ्याच कारणासाठी होती. जपानचे अकिहितो युवराज असताना गोबींकडे वळले. त्यांचा पहिला निबंध १९६३ चा, खांद्याच्या हाडावरून गोबींचं वर्गीकरण कसं करता येईल याविषयीचा. हाडं, डोक्यावरच्या नलिका, पुटकुळ्यांच्या ओळी, असं एकेक लक्षण घेऊन त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि सहकाऱ्यांसह नव्या जातींची वर्णनं प्रसिद्ध केली. १९८९ ते २०१९ या काळात ते सम्राट होते आणि पदत्यागानंतर २०२१ मध्येही त्यांच्या सहभागातून दोन नव्या जातींचं वर्णन आलं. व्हानुआतूच्या ओढ्यांतल्या गोबींच्या एका प्रजातीला २००७ मध्ये त्यांचंच नाव देण्यात आलं. नव्या अभ्यासकाने यातून घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. खांद्याच्या एका हाडापासून सुरुवात करून माणूस साठ वर्षं एका विषयात रमू शकतो, इतका हा विषय भरलेला आहे.

आता तळांकडे येऊ. चिखलापासून सुरुवात करणं बरं, कारण तो आपल्या दाराशी आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईजवळ समुद्राची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते आणि ओहोटीला तिवरांच्या पुढे चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या चिखलाच्या वरच्या थरात डायटम नावाची एकपेशी शैवालं ऊन खात वाढतात. जवळून पाहिलं तर चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते. निवटी ही झाक खाते. डोकं डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे फिरवत ती हळूहळू पुढे सरकते आणि जवळपास आडव्या बसलेल्या खालच्या दातांनी वरचा पातळ थर खरवडून घेते. तिच्या मागे चिखलावर ओरखड्यांची नक्षी उरते. कुवेतच्या चिखलावर निवटीच्या प्रजातीतले मासे दाट वस्तीत राहतात, तिथे ते आपापल्या जागेभोवती चिखलाचे बुटके बांध घालताना नोंदले गेले आहेत. शेतकरी खाचराला बांध घालून पाणी अडवतो तसं हे काम चालतं: बांधामुळे ओहोटीतही आत पाणी साचून राहतं, ओल टिकते आणि डायटमांचं पीक येतं.

पाण्याबाहेर तासन् तास राहायचं तर श्वासाची सोय लागते. चिखलमासे कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतात आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरातूनही प्राणवायू घेतात. म्हणून निवटी मधूनमधून डबक्यात लोळून अंग ओलं करते. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून ती ते क्षणभर खालच्या खोबणीत ओढून घेते. लांबून पाहणाऱ्याला ती पापणी लववते आहे असं वाटतं. खाण्याचीही अशीच अडचण असते. मासा भक्ष्य ओढून घेतो तो पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि जमिनीवर तो प्रवाह नसतो. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका चिखलमाशावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तो तोंडात पाणी घेऊनच जमिनीवर येतो, ते पाणी भक्ष्यावर पुढे ढकलतो आणि भक्ष्यासकट परत ओढून घेतो. ज्याला जीभ नाही त्याने पाण्यालाच जिभेचं काम दिलं आहे. पाण्यातून जमिनीवर आलेल्या आपल्या फार जुन्या पूर्वजांनी खाण्याचा प्रश्न कसा सोडवला असेल, या विचाराला या निरीक्षणाने एक वाट मिळाली.

चिखलमाशांची खरी करामत बिळात आहे. चिखलातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. अंडी तिथे गुदमरायला हवीत. जपानी संशोधक आत्सुशी इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. जपानमधल्या पेरिऑफ्थाल्मस मोडेस्टस या चिखलमाशाचं बीळ खाली जाऊन पुन्हा वर वळतं आणि त्या वळणाच्या टोकाशी एक कप्पा असतो. अंडी त्या कप्प्याच्या छताला चिकटवलेली असतात. नर पृष्ठभागावर येऊन तोंडात हवा भरून घेतो, आत जाऊन ती कप्प्यात सोडतो, पुन्हा वर येतो. ओहोटीभर हे चालू राहतं आणि अंडी हवेत वाढतात. पिल्लं बाहेर पडायला तयार झाली, की रात्रीच्या भरतीला नर उलटं काम करतो: कप्प्यातली हवा तोंडात भरभरून बाहेर नेतो. कप्पा पाण्याने भरतो, अंडी बुडतात आणि बुडताच फुटतात. २००७ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. बापाच्या निगराणीचं इतकं नेमकं उदाहरण माशांत क्वचितच सापडेल, आणि ते समजलं ते कुणीतरी बिळाच्या आत काय आहे हा प्रश्न धरून ठेवला म्हणून.

खडकाळ किनाऱ्यावर तळाचं रूप बदलतं. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी अडकून छोटी कुंडं तयार होतात. त्यांत बॅथिगोबियस प्रजातीचे मासे राहतात. या प्रजातीतले मासे आपल्या कोकणपट्टीवरच्या कुंडांतही आहेत. अमेरिकी संशोधक लेस्टर आरन्सन यांनी बहामातल्या बिमिनी इथे यांतल्या एका जातीचं निरीक्षण केलं. कुंडातल्या माशाला डिवचलं की तो उडी मारून शेजारच्या कुंडात पडायचा, तिथून पुढच्या, आणि शेवटी समुद्रात. कुंडाच्या तळाशी असलेल्या माशाला मधल्या खडकापलीकडचं कुंड दिसत नाही, तरी उडी बहुधा अचूक पडायची. १९५१ च्या निबंधात आरन्सन यांनी याचा उलगडा दिला. भरतीला सगळे खडक पाण्याखाली असताना मासा त्यांच्यावरून पोहतो आणि खळगे कुठे आहेत हे शिकून घेतो. प्रयोगासाठी बांधलेल्या कुंडांत ज्या माशांना भरतीचा अनुभव मिळाला होता ते नीट उड्या मारत. ज्यांना तो मिळाला नव्हता त्यांच्या उड्या चुकत. पुढच्या प्रयोगांत ही आठवण आठवड्यांनंतरही टिकलेली दिसली. माशाला स्मरण नसतं हा समज किती पोकळ आहे, हे दाखवायला बोटभर लांबीचा एक गोबी पुरे.

वाळूवरची कथा निराळी. युरोपच्या किनाऱ्यांवरचा वाळूगोबी, पोमाटोस्किस्टस मिनुटस, याचा नर एखादा पालथा पडलेला शिंपला शोधतो, त्याखालची वाळू उपसून पोकळी करतो आणि वरून वाळूचा ढीग लोटून घर झाकून टाकतो. जाण्या-येण्यासाठी एक अरुंद दार तेवढं उरतं. मादी शिंपल्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवून निघून जाते. नर परांनी वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतो, शत्रूंना हुसकावतो, आणि कधी कधी काही अंडी स्वतःच खातो. शेजारचे लहान नर चोरून आत शिरून अंडी फळवण्याचाही प्रयत्न करतात. पाळायला सोपा, वीण लवकर होणारी आणि सगळा संसार एका शिंपल्याखाली मावणारा, म्हणून जोडीदाराची निवड आणि पित्याचं वागणं यांवरच्या संशोधनात या माशाला मानाचं स्थान आहे.

प्रवाळांत तर गोबींची विविधता डोळे दिपवणारी. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरून १९८१ मध्ये वर्णन झालेला ट्रिम्माटोम नानुस पूर्ण वाढला तरी एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. काही गोबी आंधळ्यासारख्या वावरणाऱ्या पिस्तुलकोळंबीच्या बिळात भाडेकरू म्हणून राहतात, आणि हे भाडं पहाऱ्याने फेडलं जातं. कोळंबी दिवसभर वाळू उपसते, तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते आणि माशाने शेपटी थरथरवली की ती आत पळते. शंभराहून अधिक जातींचे गोबी अशी भागीदारी करतात. गोबिओडॉन प्रजातीचे मासे प्रवाळाच्या फांद्यांमध्ये जोडीने राहतात, आणि जोडीदार मिळेल त्याप्रमाणे नराची मादी किंवा मादीचा नर होऊ शकतात. एवढ्याशा घरातून बाहेर पडून जोडीदार शोधणं जिवावर बेतणारं असतं, म्हणून ज्याची गाठ पडेल त्याच्याशी संसार जमवता येणं फायद्याचं ठरतं. फिजीच्या प्रवाळांवरच्या एका अभ्यासात, २०१२ मध्ये, आणखी एक गोष्ट दिसली. विषारी हिरवं शैवाल प्रवाळाला टेकलं, की प्रवाळ पाण्यात रासायनिक इशारा सोडतो आणि काही मिनिटांत हे गोबी येऊन शैवाल छाटून टाकतात. घर राखणं हा त्यांच्या जगण्याचाच भाग आहे.

लहानपणाची किंमतही इथेच कळते. ढोमा खाताना त्याच्या डोक्यातले पांढरे खडे पानात काढून ठेवलेले अनेकांना आठवतील. ते कानातले खडे. अनेक माशांच्या पिल्लांत त्यांच्यावर रोज एक वलय चढतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एव्हिओटा सिगिलाटा या दोन सेंटिमीटरच्या गोबीचे हे सूक्ष्म खडे घासून, वलयं मोजून मार्शल डेपचिन्स्की आणि डेव्हिड बेलवूड यांनी २००५ मध्ये त्याचं आयुष्य ठरवलं. सर्वांत म्हातारा मासा ५९ दिवसांचा निघाला. त्यातले पहिले तीन आठवडे मोकळ्या समुद्रात तरंगण्यात जातात, आठवडा-दोन आठवडे प्रवाळावर रुळण्यात आणि वयात येण्यात, आणि उरलेल्या साडेतीन आठवड्यांत वीण, पिल्लं, सगळं. कणा असलेल्या प्राण्यांत इतकं आखूड आयुष्य त्याआधी नोंदलं गेलं नव्हतं.

इतक्या लहान, इतक्या अल्पजीवी माशांना समुद्राच्या हिशेबात काही स्थान आहे का, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. २०१९ मध्ये सायमन ब्रँडल आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर मांडलं. गोबी आणि त्यांच्यासारखे तळाशी दडून राहणारे छोटे मासे प्रवाळांवर खाल्ल्या जाणाऱ्या एकूण मासळीच्या वजनापैकी जवळपास ६० टक्के वाटा पुरवतात. दिसायला ते थोडे दिसतात, कारण ते भराभर खाल्ले जातात आणि तितक्याच भराभर त्यांच्या जागी नवे येतात. त्यांची पिल्लं प्रवाळांपासून फार दूर न जाता जवळच्या पाण्यातच मोठ्या संख्येने राहतात आणि हा पुरवठा अखंड चालू ठेवतात. मोठ्या माशांचं पोट ज्यावर चालतं तो घास असा तळाशी तयार होतो.

नामिबियाच्या किनाऱ्यावर हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडलं. बेसुमार मासेमारीने तिथले तारलीसारखे सार्डिन मासे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कोसळले आणि पाण्यात जेलीफिश वाढले. तिथला दाढीवाला गोबी मात्र टिकला, वाढला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो दिवसा प्राणवायू जवळजवळ नसलेल्या, इतर माशांना न मानवणाऱ्या गाळात विसावतो, रात्री वर येतो आणि जेलीफिशही खातो. त्याला खाऊन हेक मासे, समुद्रपक्षी आणि सील जगतात. ज्या जेलीफिशमध्ये अन्न अडकून पडलं होतं, ते या माशाने पुन्हा साखळीत आणलं.

याच गुणांची दुसरी बाजूही सांगायला हवी. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला गोल गोबी जहाजांच्या तोलपाण्यातून उत्तर अमेरिकेत गेला, १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला आणि काही वर्षांतच पाचही महासरोवरांत पसरला. नव्या तळावर तो इतका रुळला, की तिथल्या स्थानिक तळमाशांना त्याने बाजूला सारलं. चिवटपणा हा गुण कुठल्या तळावर, कुणाच्या शेजारी वापरला जातो, यावर त्याचं फळ ठरतं. हवाई बेटांवरचे ओढ्यांतले गोबी हा याच चिवटपणाचा वेगळा आविष्कार: पिल्लं समुद्रात वाढतात आणि परतताना पोटाच्या चकतीच्या आधाराने धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर चढून वरचे डोह गाठतात.

एवढं वाचून ज्याला या विषयात उतरावंसं वाटेल, त्याला महागड्या साधनांची वाट पाहण्याची गरज नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक, एक भिंग, पाण्यात न फाटणारी वही आणि धीर एवढ्यावर सुरुवात होते. उधाणाच्या ओहोटीला किनारा सर्वांत जास्त उघडा पडतो, भांगाच्या दिवसांत कमी. म्हणून तिथी पाहून बाहेर पडावं. पाणी सर्वांत खाली जायच्या तासभर आधी पोचावं आणि पाणी फिरताच परतावं. कुंडाशी बसल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. सावली स्थिर झाली, की तळाचाच एक तुकडा हलतो आणि तो मासा असतो. दगड उलटला तर तो होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला एखाद्या नराने राखलेली अंडी असू शकतात आणि उन्हात ती थोड्याच वेळात सुकतात. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारख्या उपक्रमातून सामान्य नागरिक किनाऱ्यावर जाऊन अशी निरीक्षणं नोंदवत आले आहेत. अभ्यासकांनी या नोंदींकडे आदराने पाहावं.

त्याहूनही जुना ठेवा खाडीकाठच्या माणसांकडे आहे. चिखलात मांडीपर्यंत रुतून हाताने निवट्या धरणाऱ्या बाईला बिळाचं तोंड पाहून ते रिकामं आहे की भरलेलं हे कळतं. कुठल्या महिन्यात अंडी भरतात, कुठल्या चिखलात मासा बारीक राहतो, कुठली खाडी गेल्या काही वर्षांत बदलली, हे तिला विचारावं, तिच्या शब्दांत लिहून घ्यावं आणि त्या ज्ञानाचं श्रेय तिला द्यावं. भिंगाखालचा गाल आणि हाताला कळणारं बीळ या दोन्हींतून मिळून या माशाचं पुरं चित्र उभं राहतं.

तळ टिकला तरच हे सगळं टिकेल. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगोंसाठी राखलेला तो चिखल निवट्यांचाही आहे, आणि तिथले बगळे, खंड्या, ढोकरी त्यांच्यावर पोसले जातात. भराव टाकून चिखल बुजवला, सांडपाण्याने त्याचा वरचा थर कुजवला किंवा खडकांवर काँक्रीट ओतलं, की ज्या तळाभोवती माशाचं शरीर, घर आणि वीण घडली तो तळच नाहीसा होतो. मोकळ्या पाण्यातला मासा दुसरीकडे जाऊ शकतो. दीड हात परिसरात आयुष्य काढणाऱ्याला ती वाट नसते.

म्हणून नव्या अभ्यासकाला माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. वालाँसिएन यांच्या १८३७ च्या वर्णनात निवटीच्या नमुन्यांपुढे गावाचं नाव लिहिलं गेलं: मुंबई. त्या काळासाठी ते पुरेसं होतं. आज तसं लिहिणं अर्धवट ठरेल. माशाच्या नावापुढे खाडीचं नाव, चिखलाची जात, तिवरांपासूनचं अंतर, भरतीची वेळ, बिळाचं वळण, शेजारचे प्राणी, हे सगळं लिहा. वीस वर्षांनी तो किनारा बदलेल तेव्हा काय होतं आणि काय गेलं हे या तपशिलांवरूनच सांगता येईल, आणि काय परत आणता येईल हेही. ज्याला एवढी चिकाटी आहे त्याचं या विषयात मनापासून स्वागत आहे. काम भरपूर आहे आणि ते पुढच्या ओहोटीपासून सुरू करता येतं.